पाटी लावण्याआधी

वडील आप्पा बळवंत चौकाजवळ ब्रशने पाट्या रंगवायचे. मी गेली सव्वीस वर्षं धायरीच्या शेडमध्ये त्याच पाट्या लोखंड, एसीपी (ॲल्युमिनियमच्या थरांचा पत्रा) आणि ॲक्रिलिकमध्ये करते. दुकानांच्या पाट्यांबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : कर्वेनगरला सोसायटीत तळमजल्यावर माझा फ्लॅट आहे. तिथे मी ब्लाउज शिवायला घेते. गेटच्या खांबाला लागून १० बाय ४ फुटांचा ग्लो साइन (आतून पेटणारी पाटी) लावायचा आहे, पण सेक्रेटरी नको म्हणतात. फ्लॅट माझ्या नावावर असताना ते अडवू शकतात का?

ताई, अडवू शकतात. फ्लॅट तुमचा आहे. गेट, कंपाउंडची भिंत, इमारतीची बाहेरची बाजू आणि गच्ची मात्र सगळ्या सभासदांची आहे. तुमच्या खिडकीच्या बाहेरच्या भिंतीवर खिळा मारायचा झाला तरी सोसायटीची लेखी परवानगी लागते. सेक्रेटरींनी तोंडी 'हो' म्हटलं तरी त्यावर विसंबू नका. पुढच्या वर्षी कमिटी बदलते आणि तो 'हो' कुणाला आठवत नाही. सभेत ठराव करून घ्या. पाटीचं माप, जागा आणि दिवा किती वाजता बंद होणार हे त्या ठरावात लिहिलेलं असू द्या.

हे मी पैसे घालवून शिकले. २०१४ मध्ये एका दाताच्या डॉक्टरांसाठी १४ फुटी पाटी केली. माप घेतलं, रंग ठरवला, अक्षरं कापली, पण भिंत कुणाची हे विचारलं नाही. अकराव्या दिवशी ती उतरवावी लागली. डॉक्टरांचे पैसे मी परत केले, कारण विचारायचं काम माझं होतं. तेव्हापासून टेप काढायच्या आधी मी भिंतीच्या मालकाचं पत्र मागते.

सोसायटीने होकार दिला तरी दुसरी गोष्ट उरतेच. निवासी विभागात कोणता व्यवसाय चालेल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर बरंच ठरतं. डिसेंबर २०२० पासून राज्यात जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, तिच्यात हे आहे. गल्ली अरुंद असेल तर मोजकेच व्यवसाय बसतात. महापालिकेकडून झोन दाखला (जागा कोणत्या विभागात येते याचा कागद) काढा आणि तुमचं काम त्यात कसं धरलं जातं हे बांधकाम विकास विभागात विचारा. हा कागद हातात यायच्या आत ४० चौरस फुटांचा उजेड करणारी पाटी लावणं म्हणजे आपणच सगळ्यांना बोलावून आपली अडचण दाखवणं आहे. तुमच्या कामाला ती लागतही नाही. तुमची गिऱ्हाईकं शेजारणीच्या तोंडून येतात. त्यांना गेटपाशी 'शिवणकाम, तळमजला, उजवीकडे' एवढंच दिसलं पाहिजे. दोन फूट बाय सव्वा फूट, पांढऱ्यावर गडद निळी अक्षरं, न पेटणारी. एवढी पाटी कमिटीसुद्धा सहसा मान्य करते.

रस्त्यावरच्या झाडाला खिळे ठोकून बाणाची पाटी लावू नका. वृक्ष जतनाचा कायदा १९७५ पासून आहे आणि झाडाला इजा होते ती वेगळीच. फूटपाथवर स्टँडी ठेवू नका. अतिक्रमण विभागाची गाडी आली की ती उचलून नेतात आणि तोवर चालणाऱ्या माणसाला रस्त्यावर उतरावं लागतं. पुढे कधी पेटणारी पाटी लावलीत, तर आधी महावितरणकडे मीटरचा प्रश्न मिटवून घ्या. घरगुती आणि व्यावसायिक जोडणीचा दर वेगळा असतो.

प्रश्न : कॅम्पात एमजी रोडच्या मागच्या गल्लीत चष्म्याचं दुकान घेतलं आहे. पाटीच्या परवान्यासाठी पुणे महापालिकेच्या कोणत्या कार्यालयात जायचं?

कोणत्याच नाही. ती हद्द पुणे कॅन्टोन्मेंट बोर्डाची आहे. तिथे कॅन्टोन्मेंट कायदा २००६ चालतो, महापालिकेचा नाही. बोर्डाच्या कार्यालयात जा. खडकीचं बोर्ड वेगळं आहे. दुकान पूर्वीच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल, तर ते गाव २०१७ किंवा २०२१ मध्ये महापालिकेत आलं का, हेही पाहून घ्या.

प्रश्न : धनकवडीत माझं किराणा दुकान आहे. एक शीतपेय कंपनी पूर्ण दर्शनी भागाची पाटी फुकट करून देते म्हणते. वर त्यांचं नाव इंग्रजीत मोठं, खाली माझ्या दुकानाचं नाव छोटं. घ्यावी का?

दादा, अशी घेऊ नका. एक म्हणजे ती तुमच्या दुकानाची पाटी राहत नाही, कंपनीची जाहिरात होते. दुकानाचा नामफलक आणि जाहिरात यांचा हिशेब महापालिकेत वेगळा असतो. जाहिरातीला आकाशचिन्ह व परवाना विभागाची परवानगी आणि शुल्क लागतं. नोटीस ज्याच्या दुकानावर पाटी आहे त्याच्या हातात येते, आणि पाटी लावून गेलेला कंपनीचा माणूस तेव्हा फोन उचलत नाही.

दुसरं म्हणजे मराठी. दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही पाटी देवनागरीत मराठीत करावीच लागते. दुसरी भाषा ठेवता येते, पण मराठी सुरुवातीला हवी आणि तिची अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. मुंबईचे व्यापारी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना पाट्या बदलायला दोन महिने दिले. (दारूच्या दुकानाला महापुरुषांचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव चालत नाही, हेही त्याच दुरुस्तीत आहे आणि ते मला मनापासून पटतं.)

'लहान नको' म्हणजे किती, याचा घोळ बहुतेक पाटीवाले करतात. ते वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत माप धरतात आणि दोन्ही भाषा सारख्या झाल्या म्हणतात. डोळ्याला मात्र मराठी बारीक दिसते. मी शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच मोजते. इंग्रजी अक्षर १० इंच असेल तर 'क' चं अंग १० इंच. मग वरची वेलांटी आणि खालचा उकार धरून ओळ १६ इंचांपर्यंत जाते. दोन फुटी पाटीवर दोन्ही भाषांच्या ओळी बसतच नाहीत, म्हणून उंची आधी ठरवायची आणि मजकूर नंतर. वडील तर शिरोरेषा दोरीने आखल्याशिवाय डब्यात ब्रश बुडवत नसत.

कंपनीला सांगा : वर माझ्या दुकानाचं नाव मराठीत मोठं येईल, तुमचं चिन्ह नको. त्यावर फुकट देत असतील तर घ्या. नाहीतर स्वतःच्या पैशाने साधी पाटी करा. विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीतून एलईडी मॉड्यूल आणि बरा ड्रायव्हर (दिव्यांना वीज पुरवणारा डबा) आणलात तर विजेचा भागही परवडतो.

प्रश्न : हडपसरला आमच्या दुमजली जुन्या इमारतीच्या गच्चीवर २० बाय १० फुटांची पाटी उभी करायची आहे. वेल्डर म्हणतो, चार अँगल आणि तारा ताणल्या की झालं. परवानगी लागेल का?

लागेल. रस्त्यावरून पाहताना ज्या पाटीमागे आकाश दिसतं तिला कायद्यात आकाशचिन्ह म्हणतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम २४४ प्रमाणे आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय ते उभं करता येत नाही.

पण परवानगीच्याही आधी वाऱ्याचं बोलू या. इमारतींवरच्या वाऱ्यासाठीच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ मध्ये, पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. त्या वेगाचा वारा दर चौरस मीटरला ९३ किलोच्या आसपास रेटतो. तुमची पाटी साडेअठरा चौरस मीटर. म्हणजे तिच्या अंगावर सुमारे १७०० किलोचा रेटा येतो, आणि तो आडवा. उंची आणि आकाराचे गुणांक यात अजून धरलेले नाहीत. जुन्या स्लॅबमध्ये चार फास्टनर ठोकून हे पेलेल असं तुमच्या वेल्डरला वाटत असेल, तर त्याने ते लिहून द्यावं. तो देणार नाही.

५ ऑक्टोबर २०१८ ला आपल्याच जुन्या बाजाराजवळ होर्डिंगचा लोखंडी सांगाडा काढताना तो सिग्नलला थांबलेल्या गाड्यांवर कोसळला आणि चार माणसं गेली. १७ एप्रिल २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या किवळ्यात होर्डिंग कोसळून पाच गेली. पावसात आडोसा म्हणून ती त्या होर्डिंगखालीच उभी होती. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला होर्डिंग पडून सतरा गेली. किवळे आणि घाटकोपरच्या तारखा पाहा. दोन्ही वळवाच्या दिवसांतल्या आहेत. त्या दिवसांत झावळ्या हलायला लागल्या की माझ्या पोटात गोळा येतो आणि मी जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावत बसते.

तुम्ही गच्चीचा नाद सोडा, अशी माझी विनंती आहे. तळमजल्यावर शटरच्या वर, भिंतीला चिकटून पाटी करा. गच्चीवरच हवी असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी इमारत दाखवा आणि मग पाटीचं डिझाइन. त्याचं स्थिरतेचं प्रमाणपत्र घ्या आणि त्यानंतरच परवान्याचा अर्ज करा. माप कमी करायला सांगितलं तर वाद न घालता कमी करा. पाटी उभी राहिल्यावर दरवर्षी मार्च संपायच्या आत प्रत्येक बोल्ट पान्याने तपासा, गंजलेल्या वेल्डिंगवर नुसता रंग मारू नका, आणि हे काम होईपर्यंत खालची पार्किंगची जागा रिकामी ठेवा.