गम नीट चघळा, आणि व्हेरेनिक्लिनला घाबरू नका

ताई, मिस्टर दिवसाला पंधरा-वीस ओढतात, निकोटीन गमने उचक्या आणि जळजळ झाली म्हणून तो फेकून दिला, आता डॉक्टरांनी व्हेरेनिक्लिन दिलंय पण "डोक्यावर परिणाम होतो" असं वाचून तुम्ही घाबरलायत. मी त्याच गोळ्यांवर सिगारेट सोडली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी गमचं. उचक्या लागतात म्हणजे बहुतेक तो साध्या च्युइंगमसारखा सलग चघळला असणार. हळू चावायचा, तोंडात झिणझिण आली की थांबायचं, गालात दाबून ठेवायचा, झिणझिण गेली की परत दोन-चारदा चावायचा, असं अर्धा तास. निकोटीन गालाच्या आतून रक्तात जातं, लाळेबरोबर गिळलं की नुसती पोटाची वाट लागते. चहा पिऊन लगेच घेतला तरी नीट शोषलं जात नाही, पंधरा मिनिटं जाऊ द्यायची. आणि उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर 2 मिलिग्रॅमचा गम पुरत नाही, 4 चा लागतो, हे कुणी सांगतच नाही, मग लोक म्हणतात गम बेकार आहे.

आता गोळी. मेंदूत निकोटीन जिथे चिकटतं तिथेच ही जाऊन बसते, तलफ थोडी भागवते आणि वरून सिगारेट ओढली तर तिची मजा येऊ देत नाही. मी ऑफिसखालच्या टपरीवर सवयीने पेटवली होती, चहा संपायच्या आत अर्धी टाकून दिली, नुसता कागद जाळल्यासारखी लागत होती. साधारणपणे पहिले 3 दिवस 0.5 मिलिग्रॅम एकदा, मग 4 दिवस दोनदा, आठव्या दिवसापासून 1 मिलिग्रॅम दोनदा, आणि सोडायची तारीख त्याच सुमारास धरतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात ते ओढताना दिसले तर प्लीज भांडू नका! मळमळ होतेच बऱ्याच जणांना, पोटभर जेवून ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची. विचित्र स्वप्नं पडली तर रात्रीची गोळी जरा लवकर घ्यायची.

डोक्याच्या परिणामाचं म्हणाल तर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, 2009 मध्ये कडक इशारा छापायला लावला होता हे खरंय, पण नंतर आठ हजारांवर लोकांवर मोठा अभ्यास झाला, त्यात मानसिक आजार असलेलेही होते, आणि 2016 मध्ये तो इशारा काढला. तरी मूड फार बदलला, नको ते विचार आले तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करायचा.

अजून एक, सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफीन पटकन संपवतं, सोडल्यावर तेवढाच चहा-कॉफी अंगावर येतो, झोप उडते, छातीत धडधडतं आणि नाव येतं गोळीचं. कप निम्मे करा.

कोर्स 12 आठवड्यांचा असतो. महिन्याभरात बरं वाटलं की लोक गोळी बंद करतात आणि तिथेच परत सुरू होतं, मला याचं फार वाईट वाटतं कारण अवघड भाग तोवर झालेला असतो. अडलं तर 1800-11-2356 ही सरकारी क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनलाइन, फुकट आहे. किडनीचा त्रास असेल किंवा कधी फिट आली असेल तर पहिली गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागतो किंवा औषधच दुसरं देतात.