माझ्याकडे उघडते, साहेबांकडे उघडत नाही

प्रश्न: सर, मी पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिलीये, ती रोज संध्याकाळी रिपोर्टच्या सीएसव्ही फाइली गोळा करून झिप करते आणि लगेच मेलला जोडून साहेबांना पाठवते. साहेब म्हणतात झिप खराब आहे, उघडतच नाही. पण माझ्या मशीनवर तीच झिप डबल क्लिक केली की व्यवस्थित उघडते. चार दिवस मेल सर्व्हर बघणाऱ्यांशी वाद घालतोय. नक्की चूक कुठेय?

उत्तर: तो वाद आधी थांबवा, त्यांचा यात काही संबंध दिसत नाहीये. तुम्ही एक करा, साहेबांकडे गेलेली झिप परत मागवा आणि तिची साइज तुमच्याकडच्या झिपशी बाइटपर्यंत ताडून बघा. गेलेली लहान निघेल. कोड तुम्ही पाठवला नाहीये पण वर्णनावरून मला जवळपास खात्री आहे की तुम्ही झिपफाइल (पायथनचं झिप बनवायचं साधन) उघडलीत, लूपमध्ये एकेक फाइल राइट करत गेलात, आणि क्लोज न करताच ती मेलला जोडलीत.

मग तुमच्याकडे कशी काय उघडते? तर स्क्रिप्ट संपताना पायथन ते ऑब्जेक्ट मोडीत काढतो आणि जाता जाता क्लोज स्वतःच करून टाकतो. म्हणजे मेल आधी गेला आणि झिप पूर्ण झाली नंतर, तुम्ही बघता ती नंतरची, साहेब बघतात ती अर्धवट.

हे नीट कळायला झिपच्या पोटात डोकवावं लागतं, आणि एकदा तरी डोकवाच. कुठल्याही हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, झिप उघडा, पहिलीच दोन अक्षरं दिसतील पी आणि के, १९८९ साली हा फॉरमॅट आणणाऱ्या फिल कॅट्झच्या नावाची आद्याक्षरं. त्यापुढे पहिल्या फाइलचं छोटं हेडर, मग तिचा दाबलेला डेटा, मग दुसऱ्या फाइलचं हेडर, तिचा डेटा, असं ओळीने चालू राहतं. आणि सगळं लिहून झालं की पार शेवटी येते अनुक्रमणिका, तिला सेंट्रल डिरेक्टरी म्हणतात, कुठली फाइल कितव्या बाइटपासून सुरू होते, मूळ साइज किती, दाबल्यावर किती, सीआरसी (डेटा बिघडला का ते ओळखायचा तपासणी आकडा) काय, सगळं तिच्यात. तिच्याही मागे निदान २२ बाइटची एक शेवटची नोंद असते, ती सांगते अनुक्रमणिका कुठे सापडेल. झिप उघडणारं सॉफ्टवेअर साधारणपणे मागूनच सुरुवात करतं, आधी ही नोंद शोधतं. ती नाही सापडली तर तुमचा सगळा डेटा आत असला तरी ते म्हणणार ही झिपच नाही. आणि ही अनुक्रमणिका लिहिली जाते ती क्लोजच्या वेळी, त्याआधी नाही.

त्यामुळे झिपफाइल कायम विथ ब्लॉकमध्ये उघडा, तो संपला की क्लोज आपोआप होतं, आणि मेलची ओळ त्या ब्लॉकच्या बाहेर आणा. बाहेर म्हणजे खरंच बाहेर, डावीकडे एक टप्पा सरकवून, बऱ्याच जणांची विथ लिहूनसुद्धा चूक होते कारण मेलची ओळ आतच राहते. डिस्कवर न लिहिता बाइट्सआयओमध्ये मेमरीतच झिप बनवणाऱ्यांचंही तेच, गेटव्हॅल्यू, म्हणजे तयार झालेले बाइट्स, विथ संपल्यावर मागायची. जावामधलं झिपआउटपुटस्ट्रीम घ्या नाहीतर डॉटनेटमधलं झिपआर्काइव्ह घ्या, नावं वेगळी पण नियम हाच, आधी बंद करा मग बाइट्स उचला.

आणि पाठवण्याआधी तीच फाइल वाचायच्या मोडमध्ये परत उघडून टेस्टझिप चालवा. ते आतली प्रत्येक फाइल वाचून सीआरसी तपासतं, सगळं ठीक असेल तर नन (म्हणजे काहीच नाही) देतं, नाहीतर पहिल्या खराब फाइलचं नाव. दोन ओळींचं काम आहे, तुमचे चार दिवस वाचले असते.

प्रश्न: झिप तर बनते, पण साइज कमी होतच नाही. २० एमबीची लॉग फाइल, झिपपण २० एमबीची. लायब्ररीत बग आहे का?

उत्तर: बग नाही, पायथनच्या झिपफाइलचं डीफॉल्टच तसं आहे. तिथे पद्धत सांगितली नाही तर झिप_स्टोअर्ड धरलं जातं, म्हणजे फाइल जशीच्या तशी आत ठेवायची, दाबायची नाही. झिपफाइल उघडताना कॉम्प्रेशन म्हणून झिप_डिफ्लेटेड द्या, बस. ओळखायची सोपी खूण म्हणजे एकाच फाइलची झिप मूळ फाइलपेक्षा शे-दीडशे बाइट मोठी निघाली तर आत काहीच दाबलेलं नाही, ते जादाचे बाइट हेडर आणि अनुक्रमणिकेचे. लॉगमध्ये तीच तीच वाक्यं परत येतात आणि डिफ्लेट ही दाबायची पद्धत नेमकं तेच हेरतं, मागच्या ३२ केबीमध्ये हाच मजकूर येऊन गेलाय का बघतं आणि आलेला असला तर परत न लिहिता नुसता तिकडे बोट दाखवतं, त्यामुळे फरक तुम्हाला चांगलाच दिसेल. जेपेग फोटो किंवा एमपी४ व्हिडिओ असतील तर मात्र अपेक्षा ठेवू नका, ते आधीच दाबलेले असतात.

प्रश्न: झिप उघडली की आत होम, त्यात माझं युजरनेम, त्यात प्रोजेक्ट असे फोल्डरवर फोल्डर येतात. मला फक्त रिपोर्ट फोल्डर हवाय.

उत्तर: तुम्ही राइटला पूर्ण पाथ दिलात, त्याने तोच नाव म्हणून घेतला, फक्त सुरुवातीचा स्लॅश तेवढा काढला. सोबत आर्कनेम द्या, त्यात फाइलचं झिपच्या आतलं नाव हवं तसं लिहिता येतं. पाथलिब (पायथनची पाथ हाताळायची लायब्ररी) वापरत असाल तर रिलेटिव्ह_टू ने वरचे फोल्डर कापून मिळतात. आणि हो, बनणारी झिप त्याच फोल्डरमध्ये ठेवू नका जो तुम्ही झिप करताय, नाहीतर ती स्वतःचाच अर्धवट तुकडा आत घेते.

प्रश्न: पगाराच्या स्लिपा झिप करून पाठवतो. सेटपासवर्ड लावलंय, एरर काही येत नाही, पण कोणीतरी सांगितलं की फाइल पासवर्ड न मागताच उघडली. असं कसं?

उत्तर: हे वाचून मला खरंच काळजी वाटली. पायथनच्या झिपफाइलमधलं सेटपासवर्ड फक्त आधीच कुलूपबंद असलेली झिप वाचण्यासाठी आहे, नवी झिप बनवताना ते कुलूप लावत नाही, कारण ही लायब्ररी एन्क्रिप्टेड झिप बनवतच नाही. आणि एरर येत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. त्यासाठी पायझिपर नावाची वेगळी लायब्ररी आहे, तीत एईएस एन्क्रिप्शन, म्हणजे भक्कम कुलूप, मिळतं, ते लावताना एन्क्रिप्शनची पद्धत आणि पासवर्ड दोन्ही द्यावे लागतात. झिपमधली झिपक्रिप्टो नावाची जुनी कुलूप पद्धत मात्र वापरू नका, ती फोडता येते. एईएस लावलं तरी आतल्या फाइलींची नावं कोणालाही दिसतात, म्हणून नावात माणसाचं नाव नको, नुसता क्रमांक ठेवा. समोरच्याकडे जुनं विंडोज असेल तर त्यातल्या अंगच्या सोयीने एईएसची झिप उघडणार नाही, सेव्हन-झिप लागेल, ते आधीच सांगून ठेवा.

आणि आतापर्यंत ज्या स्लिपा गेल्यात त्या सगळ्या उघड्याच गेल्यात, ज्यांच्या आहेत त्यांना आजच्या आज कळवा.