जुनी टपाल पाकिटं कुणाला द्यावीत?

प्रश्न : एका दिवंगत संग्राहकाचा सगळा संग्रह त्यांच्या घरच्यांकडून एकगठ्ठा विकत घेतला. वापरलेली पाकिटंच खोकी भरून आहेत. मला त्यातली थोडीच हवीत. बाकीची कशी वाटू? (नौपाडा, ठाणे)

आधी गावांप्रमाणे गठ्ठे करा, तिकिटांची किंमत नंतर बघा. शिक्का कुठल्या टपाल कचेरीचा आणि पत्ता कुठला, हे दोन्ही वाचा. जुन्या शिक्क्यांवर आपल्या शहराचं नाव इंग्रजीत ‘थाना’ असं सापडेल. ती पाकिटं ठाण्याच्या इतिहासावर काम करणाऱ्यांना आधी दाखवा. चिपळूणची चिपळूणकराकडे, जळगावची जळगावकराकडे गेली की तिथे ती जपली जातात, हा माझा अनुभव. तारीख पुसट असेल तर तिकीट बघा : आण्यातलं असेल तर बहुधा 1957 च्या आधीचं, ‘नये पैसे’ असेल तर त्यानंतरच्या काही वर्षांतलं. पत्त्यात पिनकोड असेल तर पाकीट 15 ऑगस्ट 1972 नंतरचं धरायला हरकत नाही.

प्रश्न : सासऱ्यांची पाकिटं आहेत. तिकिटं कापून शेजारच्या मुलांना दिली तर चालेल का? (वाशी)

कृपा करून कापू नका! तुमच्याकडे 1971-72 ची पाकिटं असतील तर एखादं हातात घ्या. नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक दिसेल. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी नोव्हेंबर 1971 पासून बहुतेक टपालावर ते लावावं लागे. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच ‘शरणार्थी सहायता’ अशी अक्षरं छापून वेळ भागवली, मग डिसेंबरात वेगळं तिकीट आलं. कुठल्या गावातून, कुठल्या तारखेला, किती तिकिटं लावून पत्र गेलं, हे सगळं एकत्र त्या पाकिटावरच वाचता येतं. कात्री लागली की हातात उरतो तो कागदाचा चौकोनी तुकडा.

मुलांना द्यायचंच असेल तर अख्खी पाकिटं शाळेच्या तिकीटसंग्रह मंडळाला द्या. टपाल खात्याची ‘दीनदयाळ स्पर्श’ ही शिष्यवृत्ती सहावी ते नववीच्या संग्राहक मुलांसाठीच आहे, वर्षाला 6,000 रुपये. अशा मुलांच्या हाती साधी, स्वस्त पाकिटंही सोनं ठरतात.

प्रश्न : काही पाकिटांत पत्रं तशीच आहेत, खाजगी. विकताना ती पाकिटासोबत द्यावीत का? (कळवा)

लगेच नको. कागद तुमचा झाला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्यामागे वारसांचा. पाकिटावरच्या आडनावावरून आणि गावावरून घर शोधायचा एक प्रामाणिक प्रयत्न करा, पत्र त्यांना द्या, पाकीट मागितलं तर तेही. वारस सापडले नाहीत तर आजारपण, भांडणं, पैशांचे व्यवहार असलेली पत्रं विक्रीला ठेवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या माणसांनी ती आपल्यासाठी लिहिली नव्हती.

प्रश्न : नवे मालक मिळेपर्यंत पावसाळ्यात काय करू? (ऐरोली)

खाडीकाठची हवा दमट, त्यामुळे कपाट भिंतीला टेकवू नका आणि पाकिटं ओल्या दिवसांत उघडू नका. पीव्हीसीचे खिसे आणि चिकटपट्टी दोन्ही टाळा, पॉलिएस्टरचे खिसे घ्या. पाठवताना दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवून स्पीड पोस्टने पाठवा. आणि खूण करायचीच असेल तर मागच्या बाजूला, मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने.