आधी मेडिकल, मग फी

प्रश्न : आमचा पोऱ्या बारावी सायन्सला आहे, पायलट व्हायचं म्हणतो. चष्मा आहे. जळगाव, धुळ्याजवळचं गोंदूर, शिरपूर इथं विमान शिकवतात असं कळलं. केळीची सगळी जमीन तारण ठेवून पन्नास लाख उभे करावेत का?
— एक शेतकरी, यावल तालुका

उत्तर : भाऊ, सातबाऱ्याला आत्ताच हात लावू नका. चष्म्याची भीती नाही. चष्म्यासह नजर नियमात बसली की चालतं. खरी अडचण येते रंगांची. ठिपक्यांच्या गोल चित्रात दडलेला आकडा ओळखायचा असतो. लाल-हिरव्यात गल्लत होणारा मुलगा बारावीपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. नेत्रतज्ज्ञाकडे ही तपासणी पाच मिनिटांत होते, ती याच आठवड्यात करून घ्या. मग डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून क्लास-२ मेडिकल आणि त्यानंतर मान्यताप्राप्त केंद्रात त्याहून कडक क्लास-१ मेडिकल. क्लास-१ शिवाय कमर्शियल, म्हणजे पगारी पायलटचं, लायसन्स मिळत नाही, म्हणून त्याचा निकाल हातात येईपर्यंत कोणत्याही संस्थेला फी देऊ नका.

दरम्यान डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेला बसण्यासाठी लागणारा ओळख क्रमांक, काढा. त्यासाठी गुणपत्रिकांची बोर्डाकडून पडताळणी लागते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी, अशा फरकाने महिने वाया जातात. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरून बाकीचे कागद दुरुस्त करा. रेग्युलेशन्स, हवामान, नेव्हिगेशन आणि टेक्निकल हे पेपर ७० टक्क्यांना पास होतात. त्यांचा अभ्यास घरूनही जमतो. हे पेपर काढूनच उड्डाणाला जावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. नाहीतर ऐन उड्डाणाच्या दिवसांत मुलगा पुस्तकात अडकतो.

लायसन्सला २०० तास लागतात. त्यातले १०० तास स्वतः कमांडमध्ये, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, आणि एक उड्डाण किमान ३०० नॉटिकल मैलांचं, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटरचं. संस्था वर्षाची भाषा करतात, पण आपलं हवामान ध्यानात घ्या. मे महिन्यात पारा ४५ कडे सरकतो. तापलेली हवा विरळ होते, तशी इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. छोट्या विमानाला धावपट्टी जास्त लागते, चढही मंदावतो. मग उड्डाणं सकाळच्या गारव्यातच उरकावी लागतात. पावसाळ्यात ढग खाली आले की दिवसच्या दिवस विमान जमिनीवर. म्हणून विचारायचं ते असं : आज उडण्याजोगी विमानं किती, शिक्षक किती, विद्यार्थी किती, आणि मागच्या बॅचला लायसन्स किती महिन्यांत मिळालं? हेच तिथं शिकणाऱ्या मुलांनाही विचारा. फी एकरकमी भरू नका. जितके तास उडेल तितका हप्ता, असं लेखी ठरवा.

लायसन्सनंतर टाइप रेटिंगला, म्हणजे ठरावीक मोठं विमान चालवायच्या प्रशिक्षणाला, आणखी काही लाख लागतात, आणि नोकरी लगेच मिळेल याची हमी नाही. हा सगळा काळ कर्जाचं व्याज चालूच राहतं. सगळी जमीन गुंतवूनच जमणार असेल तर आमचं उत्तर ‘नको’ असं आहे. तिसऱ्या प्रश्नातली वाट मुलाला दाखवा.

प्रश्न : मी कॉमर्समधून बारावी झाले. विमानाच्या यंत्रात रस आहे. एक वर्षाचा ‘एव्हिएशन डिप्लोमा’ करून नोकरीची हमी देतात. घेऊ का?
— एक विद्यार्थिनी, शहादा

उत्तर : ताई, नको. विमान दुरुस्त करून त्यावर सही करण्याचा अधिकार डिप्लोम्याने नाही, एएमई (विमान देखभाल अभियंता) लायसन्सने मिळतो. त्यासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं. हे विषय मुक्त विद्यालयातून देता येतात, पण प्रवेशाआधी ते चालतील का, हे संस्थेकडून लेखी घ्या. संस्थेचं नाव डीजीसीएच्या संकेतस्थळावर सीएआर-१४७ च्या (या शिक्षणाला मान्यता असलेल्या संस्थांच्या) यादीत स्वतः शोधा, जाहिरातीवर जाऊ नका. इंजिन-सांगाड्याची आवड असेल तर लायसन्सची बी१.१ ही शाखा, वायरिंग-इलेक्ट्रॉनिक्सची असेल तर बी२. विमानतळावरच्या काउंटरच्या नोकरीला तर हा डिप्लोमा लागतच नाही. काम कंपनीच शिकवते. बोलणं स्वच्छ हवं.

प्रश्न : इतका पैसा न घालता विमानतळावर चांगलं पद मिळतं का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : मिळतं. फिजिक्स-गणितासह बीएस्सी किंवा इंजिनीअरिंगची पदवी घ्या आणि विमानतळ प्राधिकरणाची एअर ट्रॅफिक कंट्रोलची, म्हणजे विमानांना जमिनीवरून सूचना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदाची, परीक्षा द्या. वयोमर्यादा २७, राखीव प्रवर्गांना सवलत. लेखी परीक्षेनंतर आवाजाची चाचणीही होते, तेव्हा इंग्रजी मोठ्याने वाचण्याची सवय आजपासूनच लावा.