सांगलीत लोकल केबल चॅनल काढायला काय लागतं? आणि यूट्यूब असताना ते बघतं कोण?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: सामान काय लागेल, आणि बघणारं कुणी उरलंय का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण "लोकल चॅनल कोण बघतंय आता" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

कृष्णा चढायला लागली की सगळी सांगली बघते. आयर्विन पुलाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ च्या वर गेलं होतं. आता नीट बघा, त्या दिवसांत बघणारा नेमका कोण असतो. ज्याच्या घरात पाणी शिरलंय तो नाही. त्याची वीज केव्हाच तोडलेली असते आणि पोलावरचा केबलचा डबा, म्हणजे नोडही बंद असतो. बघतो तो पुढच्या गल्लीतला, ज्याच्या उंबऱ्याखाली पाणी अजून दोन फूट आहे आणि फ्रिज माडीवर चढवायचा की नाही हे ज्याला तासाभरात ठरवायचंय. ड्रोनचं चित्र त्याच्या काही कामाचं नाही. पातळी किती, किती वाजताची, तासाभरात किती वाढली आणि कोयनेतून किती क्युसेक सोडलंय, एवढं त्याला पाहिजे. यूट्यूबवर ह्याला मागच्या पुराचा व्हिडिओ आजचा म्हणून कुणीतरी पाठवतं, आणि टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या की तेही बंद.

पण हा आकडा चॅनललाही नीट दाखवता येत नाही. मी ज्या चॅनलवर होतो तिथे पुराच्या ऐन दिवशी पडद्यावर एकाच वेळी दोन आकडे होते. खालच्या पट्टीवर ४९ फूट, बातमीपत्राच्या पाटीवर ४८ फूट २ इंच, आणि कोपऱ्यात लाल 'लाइव्ह'. फोन थांबेनात. दहा इंच म्हणजे सपाट भागात एखादी अख्खी गल्ली.

झालं होतं असं. सकाळी आठचं बातमीपत्र थेट गेलं, सोबत रेकॉर्ड झालं, आणि दहाला व बाराला रिपीट लागलं. रेकॉर्डरची वायर मिक्सरच्या (कॅमेऱ्यांतलं चित्र निवडणारं यंत्र) प्रोग्राम आउटला, म्हणजे ग्राफिक्स चढल्यानंतर. आकडा, पट्टी, 'लाइव्ह', सगळं फाइलमध्ये कायमचं उमटलं. मग प्लेआउटच्या, म्हणजे चॅनलवर कार्यक्रम सोडणाऱ्या, मशीनने त्यावर आपली ताजी पट्टी चढवली. एकावर एक दोन पट्ट्या, खालची जुनी अर्धी झाकलेली.

उपाय साधा आहे. रेकॉर्डर क्लीन फीडला, म्हणजे ग्राफिक्स न चढलेल्या चित्राला, लावा. मिक्सरला वेगळा क्लीन आउट नसेल तर त्याहून सोपं करा: स्टुडिओच्या मशीनवर पट्टी, घड्याळ, लोगो काहीच ठेवू नका. हे तिन्ही फक्त शेवटच्या प्लेआउट मशीनवर चढवा. मग रिपीट कितीही वेळा लावा, वरचा आकडा ताजाच राहणार. मिक्सर म्हणून ओबीएस हे सॉफ्टवेअर वापरणार असाल तर लक्षात ठेवा, ते जे चित्र बाहेर पाठवतं तेच रेकॉर्ड करतं; क्लीन प्रतीसाठी वेगळं प्लगइन टाकावं लागतं.

पट्टीचा मजकूर एकाच टेक्स्ट फाइलमधून घ्या आणि ती बदलायचा हक्क एका वेळी एकाच माणसाला द्या. ओळ अशी: "आयर्विन ४९ फूट ० इंच, दु. १२.००, तासात २ इंच वाढ". वेळेशिवाय आकडा गेला नाही पाहिजे. फाइल दीड तासात बदलली नाही तर पट्टी आपोआप उतरेल अशी चार ओळींची स्क्रिप्ट लावा. शिळ्या आकड्यापेक्षा मोकळा पडदा बरा. निवेदकाला 'आत्ता', 'सध्या', 'थोड्या वेळापूर्वी' हे शब्द बंद. त्याने घड्याळातली वेळ बोलायची. पट्टी बदलता येते, बोललेलं नाही.

मालकांचं म्हणणं होतं, 'लाइव्ह' काढलं तर माणूस चॅनल बदलेल, राहू दे, कुणाला कळतंय. अहो, फोन करणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. वारणाकाठच्या पाहुण्यांनी तिकडचं पाणी सांगितलेलं असतं, हरिपूरच्या संगमाला वारणा फुगली की आपल्याकडचं पाणी उतरत नाही हे इथल्या पोराटोराला ठाऊक. अशा गावात कालचं आज म्हणून खपत नाही.

आता सामान. दोन कॅमेरे, कॉलर माइक, छोटा मिक्सर. एचडीएमआयच्या केबलवर दहा-बारा मीटरच्या पुढे विसंबू नका, लांबवर चालणारी एसडीआय जोडणी घ्या, ७५ ओहमची चांगली कोॲक्स. प्लेआउटचे कॉम्प्युटर दोन, दुसऱ्यावर कायम फिलर, म्हणजे मोकळी जागा भरणारा कार्यक्रम, फिरत राहू दे. तिथून चित्र दाबून लहान करणारा एन्कोडर, आणि फायबरने एमएसओच्या (मोठा केबलवाला) हेडएंडला, म्हणजे जिथून सगळे चॅनल केबलवर चढतात तिथे. पूर्वी व्हीसीआर आणि त्याचं चित्र केबलवर चढवणारा एक मॉड्युलेटर असला की चॅनल सुरू व्हायचं. केबल डिजिटल करायच्या सरकारी सक्तीच्या तिसऱ्या टप्प्यात, ३१ डिसेंबर २०१५ च्या मुदतीनंतर, शहरांतला तो जमाना संपला. आता केबलवरच्या ८ मेगाहर्ट्झच्या एका फ्रिक्वेन्सीत, ६४ क्वॅम या डिजिटल पद्धतीने, साधारण ३८ एमबीपीएस मावतात आणि त्यात दहा-पंधरा चॅनल कोंबतात. तुमच्या वाट्याला किती एमबीपीएस हे करारात लिहून घ्या. दीडवर आणलं तर बसलेला निवेदक ठीक दिसतो, पण वाहतं पाणी एन्कोडरला झेपत नाही, सगळे चौकोन होतात. म्हणून आकडा पाण्याच्या चित्रावर लिहू नका, सपाट रंगाच्या पाटीवर लिहा. एसडी चित्र इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळी दाखवणारं, असेल तर शिरोरेषा तीन ओळी तरी जाड ठेवा. एका ओळीची शिरोरेषा थरथरते आणि अख्खं वाक्य हलतंय असं वाटतं.

स्टुडिओ तळमजल्यावर घेऊ नका, भाडं कितीही कमी असो. ५ केव्हीएचा जनरेटर एसी न लावता तासाला लिटर-दीड लिटर डिझेल धरा, म्हणजे दिवसाला ३६ लिटरपर्यंत, आणि पुरात पंप बंद असतात. एमएसओला विचारा की तुमच्या भागात वाटेत वीज लागणारे ॲम्प्लिफायर आहेत की वीज न लागणाऱ्या पॅसिव्ह स्प्लिटरची फायबर. पहिलं असेल तर एका पोलाची वीज गेली की पुढची सगळी घरं गेली.

कायद्याचं थोडक्यात: तुम्ही एमएसओची 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस', म्हणजे त्याने फक्त आपल्याच ग्राहकांना दाखवायचं चॅनल, म्हणून चालणार. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर चॅनलला नोंदणी १,००० रुपये, पडद्यावर तसा उल्लेख, आणि बातम्या द्यायच्या तर एमएसओची कंपनी म्हणून नोंदणी हवी. ९० दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवावं लागतं. ३ एमबीपीएसने दिवसाला ३२ जीबी, नव्वद दिवसांना २.९ टीबी, ४ टीबीची डिस्क पुरते. ही प्रत मात्र पट्टीसकट, जशी गेली तशीच ठेवायची. क्लीन फीडचं ऐकून ही पण क्लीन करू नका.

एकूण खर्चाचा आकडा देत नाही. निम्मा खर्च एमएसओ काय मागतो यावर ठरतो. आणि वरचं सगळं पुराच्या आठवड्यापुरतं आहे, वर्षाचे उरलेले दिवस दुकानांच्या जाहिराती आणि गणपतीच्या मिरवणुकीवरच काढावे लागतात. यूट्यूबवरही जरूर टाका, फक्त शीर्षकात तारीख आणि वेळ लिहा.

मालकांनी पुढे 'लाइव्ह' काढून घड्याळ लावलं. ते पाच मिनिटं मागे होतं, कारण मशीनला नेट नव्हतं. प्लेआउटचं घड्याळ रोज सकाळी जुळवा आणि त्यात सेकंद दाखवू नका. एन्कोडर ते सेट-टॉप बॉक्स तीन-चार सेकंद जातात, आणि तेवढ्यावरूनही फोन करणारे सांगलीत आहेत.