पंखपट्टी नसलेला वटवट्या कोणता?

प्रश्न : डिसेंबरमध्ये जांबोटीजवळ आमच्या घरामागील हिरड्याच्या शेंड्यावर चिमणीहून लहान, वरून हिरवट आणि खालून फिकट असा पक्षी सलग तीन दिवस दिसला. तो 'चि-स्वी' असे दोन अक्षरी ओरडत होता. पंखावर पट्टी दिसली नाही, म्हणून मित्रांच्या मते तो टिटलरचा पर्ण वटवट्या आहे. आपले मत काय?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपण आवाज लिहून ठेवलात हे फार चांगले केलेत, कारण माझ्या मते याच आवाजावरून तो पक्षी हिरवट पर्ण वटवट्या ठरतो. हा आपल्याकडे हिवाळ्यात सर्वत्र आढळतो आणि दिवसभर तोच दोन अक्षरी आवाज पुन्हा पुन्हा काढत राहतो. त्याच्या पंखावरील बारीक पट्टी म्हणजे पिसांच्या टोकांची फिकट कड असते. ही कड झिजत जाते आणि पुष्कळदा दिसेनाशीच होते. म्हणून पट्टी स्पष्ट दिसली तर तो टिटलरचा नव्हे असे म्हणता येते, पण ती दिसली नाही एवढ्यावरून तो टिटलरचाच असे मात्र म्हणता येत नाही.

टिटलरचा वटवट्या काश्मीर व पश्चिम हिमालयात वीण करतो आणि हिवाळ्यात सह्याद्रीच्या जंगलांत उतरतो. त्यामुळे कणकुंबी किंवा भीमगडच्या बाजूला तो दिसणे अशक्य नाही, आणि मित्रांची शंका गैर नाही. त्याची खरी खूण म्हणजे लांब, सडपातळ व बरीचशी काळपट चोच आणि तिच्या मानाने आखूड शेपूट. झाडाच्या शेंड्यावरील पक्ष्याची चोच खालून पाहताना आकाशाच्या उजेडात फसगत होते. त्यासाठी घाटउतारावर उभे राहून पक्षी डोळ्यांच्या पातळीवर येईल अशी जागा निवडावी, आणि चोच, शेपूट व आवाज या तिन्ही गोष्टी जुळल्याखेरीज वहीत टिटलरचे नाव लिहू नये.

थोराड चोचीचा पर्ण वटवट्याही दोन अक्षरीच ओरडतो. मात्र त्याची शीळ स्वच्छ व सावकाश असते, आणि दुसरा सूर पहिल्यापेक्षा ठळकपणे वर चढतो. डोक्याच्या मधोमध फिकट रेघ आणि पंखावर दोन पट्ट्या असतील, तर तो पश्चिमी मुकुटधारी वटवट्या होय.

मोबाइलवर त्याचा आवाज अवश्य ध्वनिमुद्रित करावा. पक्षी जवळ यावा म्हणून त्याचाच आवाज वाजवून त्याला त्रास देऊ नये, ही कळकळीची विनंती.

प्रश्न : चिकोडीकडे उसाच्या बांधावरील झुडपातून 'चक्, चक्' असा आवाज येतो, पण पक्षी बाहेर येत नाही. हाही पर्ण वटवट्याच का?

उत्तर : नाही, बहुधा तो ब्लाइथचा बोरू वटवट्या असावा. तो वरून साधा तपकिरी असतो, त्याच्या अंगावर हिरवी छटा नसते, आणि झुडपाच्या आतच किडे टिपत फिरत असल्याने तो दिसण्याआधी ऐकू येतो. सकाळी उन्हाची तिरीप झुडपावर पडते तेव्हा वाऱ्याची दिशा सोडून हलणाऱ्या फांदीवर नजर ठेवावी.