केमो संपल्यावर सीईए वाढला म्हणजे कॅन्सर परत आलाच का?

वडिलांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो संपली, सीईए (रक्तातलं एक प्रथिन, या कॅन्सरवर लक्ष ठेवायला मोजतात) 2.4 होता तो आता 6.1 आलाय आणि घरात सगळ्यांची झोप उडालीय, असं लिहिलंय तुम्ही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, हे रिपोर्ट रोज हाताखालून जातात म्हणून लिहितेय. या एका आकड्यावरून कॅन्सर परत आला असं नाही म्हणता येत. नाही आला असंही नाही म्हणता येत, खरं तेच सांगते.

केमो संपून किती दिवस झाले ते नाही लिहिलं तुम्ही. केमोत ऑक्सालिप्लॅटिन हे औषध दिलं असेल तर ते लिव्हरला त्रास देतं, आणि रक्तातला सीईए काढून टाकायचं काम लिव्हरच करतं, त्यामुळे केमो चालू असताना किंवा नुकती संपलेली असताना आकडा वर जाऊन नंतर आपोआप खाली आलेला बघायला मिळतो. एसजीपीटी, बिलिरुबिन या लिव्हरच्या टेस्ट सोबत केल्यात का बघा. वडील सिगारेट ओढतात का? ओढणाऱ्यांचा सीईए मुळातच जास्त असतो. छातीचं इन्फेक्शन, स्वादुपिंडाची सूज, थायरॉईड कमी असणं, यानेही थोडा वाढतो.

आणि एक भानगड खुद्द टेस्टचीच असते. या किटमध्ये बहुतेक वेळा उंदराच्या अँटीबॉडीज वापरतात, काही लोकांच्या रक्तात त्यांनाच चिकटणाऱ्या अँटीबॉडीज असतात, मग सीईए वाढलेला नसतानाही मशीन वाढलेला दाखवतं. डॉक्टरांचा फोन आला की पेशंटमध्ये तर काहीच सापडत नाहीये, की आम्ही सॅम्पल डायल्युट करून परत लावतो, आकडा त्या प्रमाणात उतरला नाही तर शंका येते, मग दुसऱ्या कंपनीच्या किटवर बघायचं. हे क्वचितच होतं पण होतं.

सीईएच असं करतो असंही नाही, प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्यांचा पीएसए (प्रोस्टेटसाठी रक्तात बघतात तो आकडा) वर्ष-दोन वर्षांनी थोडा उसळतो आणि काही न करता परत खाली बसतो.

आता डॉक्टरांना विचारून काही आठवड्यांनी परत टेस्ट करा, त्याच लॅबमध्ये, कारण किट बदललं की आकडे जुळत नाहीत. दुसऱ्यांदाही चढला तर सीटी स्कॅन वगैरे सांगतीलच. मात्र वजन उतरतंय, कावीळ दिसतेय, शौचातून रक्त जातंय असं काही असेल तर पुढच्या टेस्टची वाट बघत बसू नका, लगेच दाखवा. आणि जाताना सगळे जुने सीईए तारखेप्रमाणे लावून न्या, ऑपरेशनच्या आधीचा धरून, तो पहिल्यांदा विचारतील.